चंद्राला सवड नाही

वसईत चंद्राला कामं फार. दुसऱ्या गावांत त्याचं बरं चाललेलं असतं. कवीनं हाक मारली की ढगाआडून डोकवायचं, जेवताना कुरकुरणाऱ्या बाळाला खिडकीतून दिसायचं, कोजागरीला दुधाच्या पातेल्यात उतरायचं, की झाली ड्यूटी. आमच्याकडे त्याला बारा महिने हजेरी आहे. संकष्टीला घरोघरचे उपास त्याच्यावाचून सुटत नाहीत. रमजान संपत आला की नालासोपाऱ्याच्या गच्च्यांवर माणसं त्याची कोर शोधत उभी असतात आणि खाली स्वयंपाकघरात शिरखुर्म्याचं दूध हुकमाची वाट बघत असतं. श्रावणी पौर्णिमेला अर्नाळ्याचे कोळी त्याच्या साक्षीनं दर्याला नारळ देतात. पापडी, गिरीज, नंदाखाल इथला ईस्टरसुद्धा त्याच्याच हातात. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. तिथून मागे मोजत राखेचा बुधवार, आणि त्या बुधवारावरून हॉलवाल्याला सांगायच्या लग्नाच्या तारखा. २०२४ साली तर एकाच पौर्णिमेनं दोन्ही घरची कामं उरकली. २४ मार्चच्या रात्री होळी पेटली, ३१ मार्चला ईस्टर झाला, आणि पुढच्या अमावास्येनंतरच्या कोरीनं ११ एप्रिलची ईद ठरवली. तीन धर्मांची कॅलेंडरं एकट्यानं सांभाळायची, वर ओव्हरटाइम नाही.

हे झालं सणावाराचं. रोजची मजुरी वेगळीच. वसईच्या खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढवायचं, दोनदा उतरवायचं. तेच उत्तरेला वैतरणेच्या मुखाशी. नायगाव-जूचंद्रकडच्या मिठागरांत उधाणाचं पाणी पोचवायचं. आणि पावसाळ्यात, काही चूक नसताना, शिव्या खायच्या. कारण वरून मुसळधार आणि खालून भरती अशी गाठ पडली की नाल्यातलं पाणी समुद्रात जायचं सोडून आमच्या जिन्याखाली येतं. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी उभं राहिलं आणि लोकल बंद पडल्या, तेव्हा घरी अडकलेला प्रत्येक जण भरतीच्या वेळा तोंडपाठ म्हणत होता. एरवी त्याच माणसाला अमावास्या कधी आहे ते विचारा, तो बायकोकडे बघतो.

एवढ्या राबणाऱ्या माणसाची आपण कधी साधी चौकशी करत नाही, की बाबा रे, तू वर राहतोस कसा? खाली का येत नाहीस?

आमच्या विरार पश्चिमेच्या सोसायटीत हा प्रश्न एका संकष्टीला निघाला. संकष्टीला आमच्या गच्चीचं कुलूप उघडतं. एरवी ते पापड वाळवायलाही उघडत नाही. कालनिर्णयात छापलेली चंद्रोदयाची वेळ ही मोकळ्या क्षितिजाची वेळ. आमच्या चंद्राला आधी जीवदानीचा डोंगर चढून यायचं असतं, मग पूर्वेचे टॉवर, मग त्या टॉवरांवरच्या पाण्याच्या टाक्या. त्यामुळे सोसायटीत दोन पंथ आहेत. एक छापील वेळ झाली की दिशेला हात जोडून पानावर बसणाऱ्यांचा, आणि दुसरा प्रत्यक्ष दिसल्याशिवाय पाणीही न पिणाऱ्यांचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या पंथाच्या अध्यक्षा. त्या हातात ताम्हन घेऊन कठड्याशी उभ्या होत्या, ताम्हनात फूल, अक्षता आणि दुर्वा. खालून उकडीच्या मोदकांचा वास येत होता आणि पहिल्या पंथातले लोक जेवून शतपावलीला वर आले होते. त्यांच्याकडे काकू बघतही नव्हत्या.

टाकीच्या मागून एकदाचा तांबूस तुकडा वर आला. काकूंचा नातू म्हणाला, "आजी, तो खाली का नाही पडत?"

"देवानं ठेवलाय म्हणून," काकू म्हणाल्या.

"कशावर ठेवलाय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. कधीकाळी विज्ञान शाखेला होतो एवढ्या भांडवलावर माझ्याकडे सोसायटीतले असले प्रश्न येतात. मीटरचं बिल जास्त का आलं हासुद्धा मलाच विचारतात. मी म्हणालो, "तो पडतोच आहे."

काकूंनी ताम्हन चटकन बाजूला घेतलं. "चतुर्थीला असं अभद्र बोलू नये हो," म्हणाल्या.

पण खरं तेच आहे. चंद्र पडतो आहे. या क्षणीही पडतो आहे, आणि पडता पडता दर वेळी आपल्याला चुकवतो आहे.

वस्तू पडते ती पृथ्वी ओढते म्हणून, हे आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत म्हणून ठेवलं आहे. आकाशातली जड वस्तू पृथ्वी आपल्या शक्तीनं स्वतःकडे खेचते, ती आपल्याला पडल्यासारखी वाटते. आणि चारी बाजूंनी सारखंच आकाश असताना पृथ्वीनं स्वतः पडायचं तरी कुठे, असा उलट सवालही त्यांनी टाकला. आमच्या काकूंच्या नातवाला हा माणूस आवडला असता. मात्र हीच ओढ थेट चंद्रापर्यंत जाते आणि त्याला फिरवते, हा हिशेब मांडायला न्यूटन यावा लागला. १६६५ साली इंग्लंडात प्लेग आला, विद्यापीठ बंद झालं आणि हा पोरगा वूल्सथॉर्पला घरी येऊन बसला. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या ताब्यात दिली. वसई मात्र सोडली नाही. त्यांच्या लेखी मुंबई हा वसईच्या शेजारचा एक दलदलीचा तुकडा होता, देऊन टाकला. इतिहासात एवढा वाईट जागेचा व्यवहार क्वचितच झाला असेल.

पडता पडता चुकवणं म्हणजे काय, हे सांगायला न्यूटननं एका उंच डोंगरावर तोफ ठेवली, अर्थात कागदावर. आपण ती अर्नाळ्याच्या किल्ल्यावर ठेवू. तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. हवा नाही असं धरायचं. विरार लोकलमधून जाणाऱ्याला ते धरायची सवय असतेच. साधा बार काढला तर गोळा थोडा पुढे जाऊन पाण्यात पडेल. दारू वाढवली तर आणखी पुढे. आता खरी गंमत. सोडून दिलेली कुठलीही वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर खाली येते. आणि पृथ्वी गोल असल्यानं आठेक किलोमीटर सरळ गेलं की खालची जमीनही सुमारे पाच मीटर वाकून खाली गेलेली असते. वसई रोड ते विरार हे अंतर बरोबर एवढंच, आठ किलोमीटर. मध्ये नालासोपारा. तेव्हा तोफेचा गोळा जर एका सेकंदात वसईहून विरारला पोचेल इतक्या वेगानं उडवला, तर तो पाच मीटर पडतो खरा, पण जमीनही तेवढीच सरकलेली असते. पुढच्या सेकंदालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. तो बिचारा पडतच राहतो आणि जमीन काही त्याच्या हाती लागत नाही. दीड तासाच्या आत तो अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून मागून, तुंगारेश्वरच्या डोंगरावरून, पुन्हा अर्नाळ्याला हजर. त्याच वेळी विरारहून निघालेली धीमी लोकल तेव्हा मुंबई सेंट्रलच्या अलीकडे सिग्नलला उभी असते.

चंद्र म्हणजे असाच एक लांबून चाललेला गोळा. तो आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून आपण जितके लांब, त्याच्या साठपट. न्यूटनचं म्हणणं, अंतर साठपट तर ओढ साठ गुणिले साठ, छत्तीसशे पटीनं कमी. मग पाच मीटरला छत्तीसशेनं भागा. उत्तर दीड मिलिमीटरही भरत नाही. चंद्र एका सेकंदात आपल्याकडे एवढाच पडतो, आणि तेवढ्या वेळात आडवा एक किलोमीटर पुढे जातो. एक किलोमीटर चालायचं आणि सव्वा-दीड मिलिमीटर खाली यायचं, याला पडणं म्हणायचं की नाही हा काकूंचा आक्षेप मला मान्य आहे. पण तेवढ्या पडण्यानंच त्याची सरळ वाट वाकते आणि २७.३ दिवसांत पुरा वेढा होतो.

म्हणजे नुसत्या ओढीनं चंद्र टिकत नाही. तो आडवा धावतो म्हणून टिकतो. उद्या त्याला कोणी पंचमीच्या रात्री अडवून जागच्या जागी उभा केला, तर पुरते पाच दिवसही लागणार नाहीत, दशमीच्या आत तो थेट खाली. आणि उलट, पृथ्वीनं ओढणं बंद केलं तर तो आला त्या वेगानं सरळ निघून जाईल. हा आडवा वेग त्याला मिळाला कुठून? साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढं एक धूड कोवळ्या पृथ्वीवर आदळलं, त्यातून उडालेला ढिगारा पृथ्वीभोवती फिरता फिरता जमून आला आणि त्याचा चंद्र झाला, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे जन्मच अपघातातला. संकष्टीच्या कथेत हे नाही. पण त्या कथेत चंद्र गणपतीला हसला म्हणून शाप खातो, तेव्हा अपघातप्रवण तो तिथेही आहेच.

आता एक अडचण. सूर्य. चंद्राला पृथ्वी जितकी ओढते त्याच्या दुपटीहून जास्त सूर्य ओढतो. गणित करून बघितलं तर हेच निघतं, आणि पहिल्यांदा निघतं तेव्हा माणूस पुन्हा करून बघतो. मग चंद्र आपला कसा? सूर्यानं तो केव्हाच नेला असायला हवा होता. सकाळी सातच्या सुमारास विरार स्टेशनवर उभं राहिलं की याचं उत्तर सापडतं. एक आई पोराचा हात धरून फलाटावर उभी असते. गाडी लागते, मागून रेटा येतो. तो रेटा आईच्या हाताच्या जोरापेक्षा कितीतरी मोठा असतो. पण तो दोघांनाही सारखाच ढकलतो, एकाच डब्यात. त्यामुळे दोघांच्यामध्ये त्याचा जोर कळत नाही. तिथं चालतो तो फक्त धरलेल्या हाताचा जोर. हात सुटायची भीती कधी, तर पोर चार हात लांब राहिलं आणि रेटा दोघांना वेगवेगळा लागला तर. सूर्याभोवती पृथ्वी आणि चंद्र असेच दोघं मिळून पडत चालले आहेत. पृथ्वीची ही हातभर अंतराची हद्द साधारण पंधरा लाख किलोमीटरपर्यंत जाते. चंद्र तिच्या पुष्कळ आत आहे, म्हणून तो आपला.

बुध आणि शुक्र सूर्याच्या इतके जवळ की त्यांची हद्दच आखूड. त्यांना एकही चंद्र नाही. शनी मात्र लांब राहतो, अंगानं मोठा, त्याला भरपूर मोकळी जागा. २०२५ च्या मार्चमध्ये त्याचे १२८ नवे चंद्र एकदम मान्य झाले आणि एकूण आकडा २७४ वर गेला. एवढा गोतावळा सांभाळून लोकांच्या राशीला साडेसात-साडेसात वर्षं येऊन बसायला त्याला वेळ कसा मिळतो, हे कोडंच आहे. मंगळाला दोन, फोबोस आणि डायमोस. ते १८७७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत असाफ हॉल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला सापडले. बरेच दिवस दुर्बिणीला डोळा लावून काही दिसेना, तेव्हा तो कंटाळून नाद सोडायला निघाला होता; त्याच्या बायकोनं, अँजेलिन स्टिकनीनं, त्याला परत दुर्बिणीकडे धाडलं. फोबोसवरच्या सगळ्यात मोठ्या विवराला आज तिचं माहेरचं नाव आहे, स्टिकनी. मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे म्हणून स्थळं परत पाठवणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

या फोबोसचं आणि आपल्या चंद्राचं नशीब मात्र उलट्या दिशांना चाललं आहे. मंगळाचा दिवस आपल्याइतकाच, चोवीस तासांहून थोडा मोठा; फोबोस मात्र पावणेआठ तासांच्या आत एक फेरी मारतो. ग्रह स्वतःभोवती फिरतो त्याच्यापेक्षा जो चंद्र घाईनं फिरतो, तो हळूहळू खाली उतरत जातो. फोबोस दर शंभर वर्षांत दोनेक मीटर मंगळाकडे सरकतो आहे आणि काही कोटी वर्षांत त्याचे तुकडे होणार आहेत. जो संथ फिरतो तो लांब जातो. आपला चंद्र सत्तावीस दिवसांवाला, निवांत. तो दर वर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो आहे.

आणि त्याला लांब ढकलण्यात वसईच्या खाडीचा हात आहे. हे मी काकूंना सांगितलेलं नाही.

चंद्र समुद्राला ओढतो, त्यात जवळच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं आणि पलीकडच्या बाजूचं कमी, म्हणून दोन्हीकडे फुगवटा येतो. त्या फुगवट्यांखालून पृथ्वी चोवीस तासांत गरकन फिरते, म्हणून दिवसाला दोन भरत्या. चंद्र मधल्या वेळात पुढे गेलेला असतो, म्हणून भरती रोज पाऊण तासानं, थोडी जास्तच, उशिरा. सूर्यही पाणी ओढतो, पण या कामात त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून कमी. दोघं एका रेषेत आले की अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, काटकोनात आले की अष्टमीच्या आसपासचा भांग. पण पृथ्वी इतकी घाईत असते की ती हे फुगलेलं पाणी आपल्याबरोबर थोडं पुढे ओढून नेते. तो पुढे गेलेला फुगवटा चंद्राला पुढून खेचतो, चंद्राला थोडी थोडी ताकद मिळत जाते आणि तो वरच्या वाटेला चढतो. ही ताकद येते पृथ्वीच्या गिरकीतून. पाणी उथळ समुद्रांच्या तळांवर आणि खाड्यांच्या चिखलात घासत येतं-जातं, त्या घासण्यानं गिरकी मंदावते. शंभर वर्षांत दिवस सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो. विरारच्या चाकरमान्याला दिवसाला अजून थोडा वेळ मिळावा अशी फार जुनी मागणी आहे. ती अशी मंजूर होत चालली आहे. जॉन वेल्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९६३ साली प्रवाळांच्या जीवाश्मांवरच्या रोजच्या वाढीच्या बारीक रेघा मोजल्या, तेव्हा चाळीस कोटी वर्षांपूर्वी वर्षाला चारशेच्या घरात दिवस होते असं निघालं. दिवस तेव्हा आखूड होते. चंद्रही तेव्हा आजच्यापेक्षा जवळ होता, म्हणजे भरत्याही मोठ्या. विरारला तेव्हा कोणी जागा घेतली नव्हती हे एक बरं.

भरतीच्या वेळा काढायला मोबाइलवर ॲप आहेत. किल्लाबंदरला एक म्हातारे कोळी काका भेटतात, त्यांना ॲप लागत नाही. गळ्यात क्रूस, रविवारी न चुकता मिस्सा, आणि जिभेवर तिथी. जाळं विणताना ते मान वर न करता हिशेब सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती पुरी. चौथ असली तर चारचे पाऊणपट तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पाणी भरलेलं. अनंत चतुर्दशीला चौदाचे साडेदहा, म्हणून विसर्जनाच्या रात्री दहा-अकराला पाणी पार वरपर्यंत आलेलं असतं. मी हे कोष्टकाशी ताडून बघितलं. थोडं इकडे तिकडे होतं, पण गाडीच्या वेळेपेक्षा कितीतरी नेमकं. पाऊणपट म्हणजे रोज पंचेचाळीस मिनिटं. पुस्तकात पन्नास लिहिलेली असतात. गुरुत्वाकर्षणाचं नाव न घेता चंद्राची गती बोटांवर आणून ठेवलेली, आणि त्यावर पिढ्यान्पिढ्या घरं चालली. त्यांचं डोल जाळंही चंद्राच्याच मजुरीवर चालतं. समुद्राच्या तळाला रोवलेल्या खुंटांना बांधलेलं हे पिशवीसारखं लांब जाळं, तोंड प्रवाहाकडे. मासा शोधत फिरायचं नाही. पाणी धावतं, बोंबील-जवळा त्याच्याबरोबर वाहत आत येतो. उधाणाला पाणी जोरात, म्हणून म्हावरं भरपूर. भांगाला पाणी मेलेलं, म्हणून होड्या बंदरात आणि माणसं जाळं दुरुस्त करायला मोकळी.

गेल्या खेपेला गेलो तो अष्टमीचा दिवस होता. काका गुडघ्यावर जाळं घेऊन बसलेले, पायाच्या अंगठ्यात दोर अडकवलेला, हातातली सुई आत-बाहेर होत होती. समोर त्यांची होडी चिखलात एका कुशीवर कलंडलेली.

"काका, भरती कधी?"

"आठाचे पाऊण सहा. सहाला भरंल."

"मग सहाला होडी काढणार?"

"भरंल, पण होडीला पुरणार नाय. भांग हाय ना."

बसायला वेळ होता, म्हणून मी त्यांना चंद्राचं सांगितलं. तो दर वर्षी लांब जातो आहे, आणि ही भरती-ओहोटीच त्याला ढकलते आहे, अगदी तुमच्या या खाडीतली सुद्धा, नखभर का होईना. त्यांनी सुई थांबवली.

"किती जातो?"

मी अंगठा आणि तर्जनीमध्ये अंतर दाखवलं. "वर्षाला एवढा. पावणेचार सेंटिमीटरहून थोडा जास्त."

"कोण मोजतो?"

मी सांगितलं. १९६९ साली पहिली माणसं चंद्रावर उतरली तेव्हा त्यांनी तिथं खास आरसे ठेवले, पुढच्या मोहिमांनी आणखी ठेवले. इथून लेसरचा झोत सोडतात, तो आरशावर आपटून अडीच सेकंदांत परत येतो, त्या वेळेवरून अंतर काढतात. आपल्या विक्रम लँडरवरही तसा एक लहानसा आरसा आहे, २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान उतरलं त्यावेळचा. चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानानं त्या डिसेंबरात त्याच्यावर झोत टाकून बघितला, तो नीट परत आला.

काका बराच वेळ माझ्या बोटांमधल्या त्या फटीकडे बघत राहिले. मग होडीकडे बघितलं.

"माझा बाप होता तवा अष्टमीला पण ही होडी हितं तरंगायची," ते म्हणाले. "गाळ चढला. किती चढला त्ये कोण सांगत नाय. अर्ज देऊन झाले, फोटू काढून नेले, सायेब येतो, पायाला चिखल लागला का परत जातो." त्यांनी पुन्हा सुई उचलली. "तुमचा तो पावणेचार सेंटीमीटर मोजणारा माणूस हाय ना, त्याला एकदा हितं पाठवा. चंद्राचं काय, जाईल सावकाश. त्याला म्हणावं, आदी आमचा गाळ मोज."